चितेगाव–नागोया, मार्गे परळ

काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, हा पैठण रोडचा नियम तुम्हाला पाठ आहे. म्हणून चितेगाव फाट्यावर तुम्ही निवांत उभे आहात. ६ ऑक्टोबर २०२५, सोमवार, कोजागिरी. दुपारचे तीन वाजून गेलेत. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं कपाशी पाण्यात घातली, त्यामुळं फाट्यावर बोलणं पंचनाम्यांचंच. पलीकडे व्हिडिओकॉनचं आवार. एके काळी त्या कंपनीच्या पत्त्यात ‘१४ किलोमीटर दगड, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’ असं छापलेलं असायचं आणि टीव्ही घेणाऱ्या माणसाला उगाच वाटायचं, हे गाव केवढं मोठं असेल.

मोबाइलवर बातमी येते. वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना: मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटू नये म्हणून तिला आवरणाऱ्या पेशी त्यांनी शोधल्या. बातमीत कर्करोग आहे, मधुमेह आहे, अवयव-रोपण आहे. हे सगळं उंदराच्या माद्यांच्या रिकाम्या बीजकोशांपासून सुरू झालं, ते मात्र बातमीत कुठंच नाही.

“नागोया, नागोया! एकच सीट राहिली!”

तुम्ही वळून बघता. ड्रायव्हर तोच रोजचा, बिडकीन-पैठण ओरडणारा.

“मामा, नागोया म्हणजे जपानातलं?”

“तेच की. पन थेट जात नाही गाडी. एकोणीसशे एकोणसत्तरातून जावं लागतं. येताना परळला थांबू. बसा पाव्हणं, सरकून घ्या.”

तुम्ही सरकून घेता. गाडी सुटते तशी मोबाइलची रेंज जाते, मग टॉवर जातात, मग व्हिडिओकॉन जातं. कारखान्यांच्या जागी ज्वारी उभी राहते. पैठणला धरणाचं काम चाललंय. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि पाणी अडायला अजून काही वर्षं आहेत. नाथसागर नाही, गोदावरी मोकळी वाहतेय. हे बघून होतं न होतं तोच मामा ब्रेक दाबतो.

नागोया, १९६९. आयची कॅन्सर सेंटर. टेबलावर तीन दिवसांची उंदराची पिल्लं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, वजन दोन-अडीच ग्रॅम. कातडी इतकी पातळ की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. एवढ्या लहान जिवाला भूल देण्याची रीत म्हणजे बर्फ. पिल्लू गार पडतं, हालचाल थांबते. छातीच्या वरच्या टोकाला बारीक छेद, आणि काचेच्या बारीक नळीनं ओढून घेतलेले थायमस ग्रंथीचे दोन पांढरट पाळे. टाका घालायचा, पिल्लू ऊब देऊन शुद्धीवर आणायचं आणि परत आईपाशी ठेवायचं. आईनं ते जवळ केलं तरच पुढचा प्रयोग, कारण माणसाच्या हाताचा वास लागलेलं पिल्लू उंदरीण कधीकधी खाऊन टाकते. तुमच्यासमोर ती हुंगते, उलटंपालटं करते आणि पोटाशी घेते. इथं सगळेच थोडा श्वास सोडतात.

यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांना थायमसचा आणि स्तनांच्या गाठींचा संबंध तपासायचा होता. हाती आलं भलतंच. तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या माद्या मोठ्या झाल्या आणि वांझ निघाल्या. त्यांचे बीजकोश सुरकुतलेले, आत बीजपुटकं जवळजवळ नाहीत. सातव्या दिवशी थायमस काढलेल्या माद्यांना मात्र काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी काढून सातव्या दिवशी दुसऱ्या पिल्लाचा थायमस बसवला, तरी बीजकोश वाचला. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. दोघांनी अर्थ लावला तो असा, की थायमसमधून बीजकोश वाढवणारं काहीतरी पाझरत असावं.

पाझरत काही नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक आहे कारण तुम्ही २०२५ मधून आलात. त्यांना ठाऊक नाही, आणि सांगायची सोय नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत थायमसमधून हल्ला करणाऱ्या टी-पेशी बाहेर पडलेल्या असतात. त्यांना आवरणाऱ्या पेशी मागून निघतात. मधेच ग्रंथी काढली की हल्लेखोर मोकळे राहतात आणि आवरणारं कुणी नसतं. बीजकोश वाढायचा थांबला नव्हता, त्याच्यावर आतून हल्ला झाला होता. पुढं १९७७च्या सुमारास क्योटोतून एक तरुण डॉक्टर शिक्षण अर्धवट सोडून याच निशिझुकांच्या प्रयोगशाळेत आला. निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या तर या माद्यांचे बीजकोश वाचतात, हे त्यानं १९८२ मध्ये दाखवलं. त्याचं नाव शिमोन साकागुची. आवरणाऱ्या पेशींची ओळख पटवणारी खूण सापडायला १९९५ उजाडलं आणि जगानं मान्य करायला त्याहून जास्त वेळ लागला. त्या वाटेनं स्टॉकहोमला जाणारी दुसरी गाडी आहे, तिला आज गर्दी असणार. तुमची काळीपिवळी वेगळा प्रश्न घेऊन निघालीय: हल्ला नेमका कशावर होत होता?

वाटेत परळ लागतं. १९८६, ऑगस्ट. केईएम रुग्णालय आणि त्याच्या मागच्या बाजूला, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर, प्रजनन संशोधन संस्था. ६ ऑगस्टला इथं एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजांचे हात आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांची प्रयोगशाळा, यांतून झालेलं टेस्ट ट्यूब बाळ. देशातलं पहिलं असं तेव्हा सगळीकडे छापलं गेलं. पुढं कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची १९७८ची कागदपत्रं आनंद कुमारांनीच तपासली आणि पहिलेपणाचा मान स्वतःच्या हातानं त्यांना दिला. आपल्याकडे असं करणारी माणसं मोजकीच. मामा इंजिन बंद करत नाही. “उतरू नका, परत यायचंच हाय इथं.”

बेथेस्डा, अमेरिका, १९९९. राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या आवारात झी-बिन टोंग आणि लॉरेन्स नेल्सन यांच्या टेबलापाशी तुम्ही उभे राहता. नेल्सन यांच्याकडे चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बायका येतात. हे दुखणं शंभरात एकीला होतं, म्हणजे दुर्मीळ नाही. त्यातल्या काहींच्या शरीरानं स्वतःचाच बीजकोश परका मानलेला असतो. नेमकं काय परकं मानलं, हे शोधायला त्यांनी नागोयाचाच उंदीर घेतलाय: तिसऱ्या दिवशी थायमस काढलेला, बीजकोश सुजून गेलेला.

या उंदरिणीच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत आणि ती अंडपेशीतल्या कशाला तरी चिकटतात. कशाला, ते शोधण्याची रीत सोपी आहे, वेळखाऊ मात्र फार. बीजकोशात चालू असलेल्या जनुकांच्या प्रती विषाणूंमध्ये भरायच्या, प्रत्येकात एक. ते विषाणू जिवाणूंच्या थरावर सोडायचे. प्रत्येक विषाणू आपल्यातलं जनुक चालवून एकेक प्रथिन बनवतो. त्यावर पातळ पडदा टेकवायचा, उचलायचा आणि उंदरिणीच्या रक्तद्रवात बुडवायचा. हजारो ठिपक्यांतला एखादाच रंगतो. पडदा उजेडासमोर धरलेला आहे. तुम्हीही वाकून बघता, आणि डाव्या कडेला एक बारीक डाग दिसतो. बाकी सगळं कोरं.

त्या डागातून जे जनुक निघालं त्याला त्यांनी ‘मेटर’ म्हटलं. उंदराच्या सातव्या गुणसूत्राच्या एका टोकाला, सुमारे ३२ हजार अक्षरांच्या पट्ट्यात ते पसरलेलं आहे. कामाचा मजकूर सलग नाही, १५ तुकड्यांत विखुरलेला आहे, मधे बिनकामाचा वाटणारा मोठा मजकूर. तुकडे जोडले की १,१११ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं, वजन १२५ किलोडाल्टन. त्याच्या शेपटीकडे ल्युसिन हे अमिनो आम्ल ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा येतं. अशी शेपटी वळून कमान होते आणि दुसऱ्या प्रथिनांना पकडायला उपयोगी पडते. डुकराच्या एका प्रथिनात अशीच कमान आधी दिसली होती, म्हणून २००० सालच्या शोधनिबंधात तुलना तिच्याशी आहे. यकृत, मेंदू, मूत्रपिंड, सगळं तपासलं. हे जनुक बोलत होतं ते फक्त अंडपेशीत.

कधी बोलतं, हे जास्त मजेचं आहे. अंडपेशी बीजपुटकात झोपलेली असते तेव्हा नाही. ती वाढायला लागते तसा जनुकाचा निरोप साठत जातो, मागोमाग प्रथिन साठतं. अंडं पिकून बाहेर पडतं तेव्हा निरोप नाहीसे व्हायला लागलेले असतात. फलन होऊन दोन पेशी होईपर्यंत ते संपतात. प्रथिन मात्र टिकून राहतं, पार गर्भाशयात रुजायच्या आधीच्या टप्प्यापर्यंत. म्हणजे भ्रूणात जे प्रथिन काम करतं त्याची ऑर्डर आईनं कधीच देऊन ठेवलेली असते.

आता मामा गाडी वळवतो ती थेट उंदरिणीच्या बीजवाहिनीत. तुमचा आकार किती झाला ते विचारू नका. अंडं ८० मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा बारावा हिस्सा, एवढं कळलं तरी पुरे. रात्री संग झालाय, पहाटे पिंजरा तपासणाऱ्यानं योनीमार्गातली पांढरी गुठळी बघून वहीत तारीख टाकलीय. प्रयोगशाळेत दिवस असे मोजतात. तुम्ही पोचता तेव्हा अंड्यात दोन केंद्रकं आहेत, एक आईचं, एक बापाचं, आणि दोन्ही गप्प आहेत. हे नीट बघून घ्या. आई-बापाची मिळून सगळी जनुकं हजर आहेत पण कुणी कामाला लागलेलं नाही. भ्रूण चाललंय ते आईनं अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर. दीड दिवस उलटतो, दोन पेशी होतात, आणि आता, या दुसऱ्या दिवसात, भ्रूणाची स्वतःची जनुकं पहिल्यांदा जागी होतात. माणसात हे चार ते आठ पेशींवर, तिसऱ्या दिवसाच्या आसपास घडतं.

शेजारच्या उंदरिणीत चला. हिच्या दोन्ही मेटर प्रती काढून टाकलेल्या आहेत. हिचे बीजकोश धडधाकट, चार-पाच दिवसांचं चक्र वेळेवर, अंडी भरपूर. नर आला, फलन झालं, दोन पेशीही झाल्या. आणि सगळं तिथंच थांबतं. तुम्ही वाट बघता. तिसरा दिवस जातो, चौथा जातो, पेशी दोनच. पुढं त्या विरघळून जातात.

यात दोन गोष्टी मला फार लागतात. पहिली: नर निरोगी असेल तर या भ्रूणात बापाकडून मेटरची चांगली प्रत आलेली असते. ती उपयोगाची नाही, कारण गरज होती ती प्रत उघडण्याच्या आधी. दुसरी त्याच्या उलट. ही वांझ उंदरीण स्वतः कशी जन्मली? तिच्या आईकडे एक प्रत शाबूत होती, तिनं अंड्यात मेटर भरून दिलं. ज्या लेकीला स्वतःचं मेटर औषधालाही नाही, ती आईच्या मेटरवर वाढली, मोठी झाली, आणि कमतरता उघडी पडली ती तिच्या पोरांमध्ये. तिच्या भावाच्या दोन्ही प्रती गेल्या असल्या तरी त्याला काही होत नाही, त्याची पोरं धडाधड होतात. टोंग, नेल्सन, जुरिएन डीन आणि सहकाऱ्यांनी हे २००० मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये छापलं. सस्तन प्राण्यांत आईच्या साठ्यावर भ्रूण अडतं, हे दाखवणाऱ्या पहिल्या काही जनुकांपैकी हे.

तर आता हिशेब असा होतो: शरीरानं मेटरला परकं मानलं तर बीजकोशच जातो. मेटर मुळातच नसेल तर बीजकोश उत्तम आणि पाळणा तरी रिकामा. प्रथिन एकच, वांझपणाच्या तऱ्हा दोन, आणि दुसरीत सोनोग्राफीपासून संप्रेरकांपर्यंत सगळे रिपोर्ट नॉर्मल.

लोझान, २००२. इथं गाडी फार थांबणार नाही, पण घराण्याची ओळख करून घ्यायला हवी. युर्ग त्शॉप यांच्या प्रयोगशाळेत पेशीच्या आतलं धोक्याचं यंत्र सापडलंय. जंतू किंवा इजा जाणवली की काही प्रथिनं एकत्र येऊन जुळणी करतात आणि दाह पेटवतात. त्यांनी त्याला इन्फ्लमासोम म्हटलं. या प्रथिनांची ठेवण ठरलेली: पुढं पायरिन नावाचा भाग, मधे ऊर्जा वापरणारा नॅक्ट, शेवटी ल्युसिनची कमान. गाउट या संधिवातात सांध्यात युरिक आम्लाचे खडे टोचतात तेव्हा अंगठा सुजवून लाल करणारं एनएलआरपी-३ यातलंच. माणसात अशी १४ आहेत. यादी वाचत गेलात तर पाचव्या नंबरवर थबकाल. ते मेटर आहे.

दाहाच्या घराण्यातलं जनुक अंड्यात काय करतंय? एकटंही नाही ते, दुसरं, चौथं, चौदावंही अंडपेशीत भेटतात. सातवं उंदरात नाहीच, पण ते बिघडलेल्या बायकांत पुन्हापुन्हा द्राक्षगर्भ राहतो, हे २००६ मध्ये कळलं. म्हणून शोधनिबंधांच्या मथळ्यात ‘दाहाशी संबंधित जनुक’ असं लिहिलेलं असलं तरी बिचकू नका. अंड्यात मेटर दाह करत असल्याचं कुणी दाखवलेलं नाही. माझं मत विचाराल तर आडनावावरून माणसाचा धंदा ठरवण्यातला हा प्रकार आहे. कुलकर्णी सगळे दप्तर लिहीत नाहीत. अंड्यात ते कवचाखाली, पेशीच्या कडेला, फिलिया, फ्लोपेड आणि टीएलई-६ या प्रथिनांसोबत मोठी जुळणी करून राहतं, हे डीन यांच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं.

“परळ! परळवाले उतरा!”

२००९. प्रजनन संशोधन संस्थेच्या नावापुढं आता राष्ट्रीय लागलंय. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर बाकावर बायका बसल्यात, हातात रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर कुठल्यातरी साडीच्या दुकानाचं नाव. ज्या नळीत रक्त घेतलं त्यात थोड्या वेळानं खाली गुठळी आणि वर पिवळसर द्रव दिसतो. हा द्रव डॉ. वृंदा खोले आणि युसेबिओ पिरेस यांना हवा आहे. मूल न होणाऱ्या, पाळी अकाली गेलेल्या, टेस्ट ट्यूबचे प्रयत्न फसलेल्या बायकांच्या रक्तात बीजकोशाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, आणि असली तर ती कशावर चिकटतात, हे ते बघतायत. प्रश्न बेथेस्डाचाच, पण सुरुवात उंदरापासून नाही, बाकावरच्या बाईपासून.

तुम्हाला वाटतंय, बीजकोशातली प्रथिनं वजनानुसार पसरवलेल्या पट्टीवर १२५च्या खुणेपाशी, मेटरच्या जागी, रेघ उमटेल. रेघ उमटते ती ९०पाशी. ओळख पटवल्यावर निघतं एचएसपी-९० बीटा, शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं, इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारं प्रथिन. मेटर फक्त अंड्यात असतं, हे सगळीकडे. तरी तक्रार बीजकोशात. पुढं त्यांनी त्यातला दहा अमिनो आम्लांचा नेमका तुकडा शोधला, ज्यावर बायकांची प्रतिपिंडं चिकटत होती. तो तुकडा उंदरिणींना टोचला तेव्हा त्यांची पिल्लं कमी झाली. बायकांपासून निघालेलं काम शेवटी उंदरापाशी पोचलं, नागोयाच्या बरोबर उलट्या दिशेनं. मुंबईचं उत्तर बेथेस्डाहून वेगळं आलं याचा आनंदच वाटला मला. उंदरात सापडलं ते परळच्या रांगेत जसंच्या तसं सापडलं असतं, तर कुणीतरी नीट बघितलं नाही अशी शंका आली असती.

परतीचा रस्ता भराभर सरतो. २०१९ मध्ये शांघायजवळून जाताना कळतं, की एनएलआरपी-५च्या, म्हणजे मेटरच्या, दोन्ही प्रती बिघडलेल्या बायका सापडल्या. फलन होतं, भ्रूण सुरुवातीच्या काही पेशींवरच थांबतं, उंदरिणीसारखंच. २०२३ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनला मेलिना शू यांचा गट सूक्ष्मदर्शकात बोट दाखवतो. अंड्यातली जी जाळी गेली साठेक वर्षं चित्रांत दिसत होती आणि जिचा अर्थ लागत नव्हता, ती मेटर आणि त्याच्या सोबत्यांनीच बनते. आईनं दिलेली प्रथिनं तिच्यावर टांगून ठेवलेली असतात. आईची शिदोरी म्हणजे नुसता साठा नाही, तिला बांधणीही आहे, आणि मेटर त्या बांधणीतलं.

बिडकीनच्या अलीकडे भिंतींवर टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या जाहिराती दिसायला लागतात. गुटगुटीत गोरं बाळ, खाली मोबाइल नंबर. मामा आरशातून विचारतो, “मग असल्या बाईनं करायचं काय, पाव्हणं?”

औषध नाही, हे तुम्ही त्याला सांगता. तिच्या स्वतःच्या अंड्यात जे भरलं गेलं नाही ते बाहेरून भरायची सोय अजून दवाखान्यात आलेली नाही. वाट एकच, दुसरीचं अंडं. टेस्ट ट्यूब उपचारांच्या २०२१च्या कायद्यानुसार अंडं देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची हवी, तिनं आयुष्यात एकदाच द्यायचं, आणि तिच्याकडून सातांहून जास्त अंडी काढायची नाहीत. मूल वाढवेल ही, नऊ महिने पोटात ठेवेल ही, पहिल्या तीन दिवसांचं मेटर मात्र त्या दुसरीचं.

“म्हंजे मावशीच झाली ती,” मामा म्हणतो आणि पैठणच्या भाड्याचे सुट्टे मागतो.